दुसऱ्या गिरणीचा भोंगा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस कामधंदा विचारतो. मी सोलापूरच्या गिरणीत बॉयलरवर होतो म्हटलं की तो जरासा सरकून बसतो आणि जिलबी संपायच्या आत एकच प्रश्न विचारतो, "अहो, तो फुटतो कसा?" मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या अंगाला कोळशाचा वासही राहिला नाही, पण लोकांचं सरकून बसणं काही सुटलं नाही.

फुटतो पाण्यावाचून. आमचा बॉयलर म्हणजे आडवं झोपवलेलं लोखंडाचं अवाढव्य पिंप. त्याच्या पोटात आरपार दोन नळ्या, नळ्यांमध्ये कोळशाची आग आणि नळ्यांच्या वर पाणी. पाणी आहे तोवर लोखंड शहाण्यासारखं वागतं. पाणी खाली गेलं की तेच लोखंड लाल होतं, मऊ पडतं, आणि अशा तापल्या लोखंडावर कुणी घाईनं गार पाणी सोडलं तर मग बॉयलर, बॉयलरचं घर आणि पलीकडच्या भिंतीला लागून मागावर उभी असलेली माणसं यांतलं काय कुठे सापडेल ते सांगता येत नाही. म्हणून आत पाणी किती आहे ते दाखवायला समोर काचेच्या दोन नळ्या असतात. आम्ही नुसतं 'काच' म्हणायचो. आठ तास त्या काचेतली पाण्याची रेघ बघत राहायचं, हे आमचं काम. सोपं वाटतं ना? पण काच पाण्यानं गच्च भरली तरी रेघ दिसत नाही आणि पार रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही वेळा ती सारखीच स्वच्छ दिसते. म्हणून काचेखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून खात्री करायची. पाणी फसकन बाहेर आलं आणि कॉक बंद केल्यावर उसळून जागेवर गेलं, तर देवाची कृपा. नुसती कोरडी वाफ आली तर पंपाला हात लावायचा नाही. ओली राख आगीवर टाकायची, हवा बंद करायची आणि साहेबाकडे पळायचं. अशा वेळी हात आपोआप पंपाकडे धावतो. तो हात आवरण्याचाच आम्हाला पगार मिळत होता म्हणा.

हे सगळं मला शिकवलं बसाण्णानं. खरं नाव बसप्पा, गाव वळसंग. घरात कानडी, गिरणीत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मी करमाळ्याकडून नवखा आलो तेव्हा त्यानं मला हाताखाली घेतलं आणि पहिल्या दिवसापासून 'तम्मा' म्हणायला लागला. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. सर्टिफिकेटची परीक्षा मी पास झालो ती त्याच्यामुळे. नुसत्या पंपाच्या आवाजावरून तो व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकल्याचं सांगायचा. माणूस शिवाचा भक्त, गळ्यात लिंग, मटणाच्या दुकानासमोरून जातानाही मान फिरवणारा. आणि तरीही दारूनं त्याला गाठलं.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. दारू तेव्हा परवान्यावर मिळायची, आणि परवाना नसलेल्याला कुठेही मिळायची. बसाण्णा आधी पाळी सुटल्यावर घ्यायचा, मग पाळीच्या आधी घ्यायला लागला. कोळशाच्या धुरात वास कळत नाही म्हणतात, पण शेजारी उभ्या माणसाला कळतो. माझी पाळी त्याच्या पाळीनंतर असायची. घरून निघतानाच माझं तोंड उतरलेलं असायचं. गिरणीची चिमणी दिसली की आधी धूर बघायचो. बायको म्हणायची, "अवो, कामावर चाललाय का तिरडीला?" मी सायकल हाणत राहायचो. बसाण्णाचं नाव साहेबांना सांगावं तर गुरूच्या ताटात माती कालवायची, न सांगावं तर अख्ख्या पाळीचं मरण उशाला घेऊन झोपायचं. महिनोन् महिने मी असे काढले. भीतीचीही सवय होते म्हणतात, मला काही झाली नाही.

बायकामाणसांनी करायचं ते सगळं करून झालं होतं. त्याची बायको, महादेवी वहिनी, हिनं सिद्धेश्वराला नवस बोलले. कुणा वैद्याची पूड आमटीत कालवून घातली, तर त्यानं आमटीच सोडली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली, ती शपथ पहिल्या सोमवारपर्यंत टिकली. लेकीला पुढे साधं पडसं झालं तरी वहिनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघायची की तो घराबाहेर जायचा, आणि बाहेर गेला की पुन्हा तेच.

एके दुपारी मी पाळी घ्यायला आत शिरलो. बसाण्णा काचेसमोर स्टुलावर बसला होता. "अण्णा, पाणी?" मी विचारलं.

"काच भरून हाय की. पंप बंद केलाय."

काच स्वच्छ होती. फार स्वच्छ होती. मी खालचा कॉक उघडला, तर थेंब नाही, नुसती कोरडी वाफ. बसाण्णाच्या लक्षात आलं, तोंडातून "अय्यो यप्पा" निघालं आणि तो झेपावला तो थेट पंपाच्या व्हॉल्व्हकडे. ज्यानं मला हात आवरायला शिकवलं त्याचाच हात! मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. माणूस माझ्या दुप्पट. "सोड तम्मा, पानी सोडू दे," म्हणून ओरडत होता. कोळसा टाकणारे फायरमन ओल्या राखेची फावड्यांमागून फावडी आगीवर मारत होते आणि मी त्याला धरून भिंतीला रेटून उभा होतो. बॉयलर आतून कुरकुरत होता. तो आवाज कुणाला सांगून सांगता येणार नाही. आग मेली, गिरणी थांबली, सगळी पाळी पटांगणात येऊन उभी राहिली. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मी एका बाजूला जाऊन भडाभडा ओकलो.

इंजिनियर साहेब आले. त्यांना सांगायची गरजच पडली नाही, बसाण्णाच्या तोंडाजवळ गेल्यावर त्यांना कळलं. शांतपणे म्हणाले, "बसप्पा, रजेवर जा. ही सुटली तर या. नाहीतर मला वर कळवावं लागेल, मग कुठल्याच गिरणीत तुम्हाला बॉयलरसमोर उभं करणार नाहीत." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही त्यांच्या जवळचे ना? बघा काही होतंय का."

काय बघणार? दारू सोडवण्याचं दुकान मला माहीत नव्हतं. शेवटी दवाखान्यातल्या एका सिस्टरनी वाट दाखवली. बसाण्णाच्या हातांचा थरकाप थांबवायला मी औषध मागायला गेलो होतो. त्यांनी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "रेल्वे लाइनीजवळच्या शाळेत काही माणसं जमतात. सगळे पिणारेच. म्हणजे पूर्वीचे. एकमेकांशी बोलतात, आणि पीत नाहीत. रेल्वेतले एक गार्ड परगावाहून ते शिकून आलेत."

"सिस्टर, पिणारेच पिणाऱ्याची सोडवणार? चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखंच की हे."

"मलापण तसंच वाटलेलं. पण त्यांतल्या दोघांना मी इथं खाटेला बांधून ठेवलं होतं. आता भेटतात तर ओळखू येत नाहीत. जाऊन तर बघा. गुरुवारी, संध्याकाळच्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की."

नावं त्यांनी सांगितली नाहीत. म्हणाल्या, तिथे कुणी कुणाचं नाव बाहेर काढत नाही. आता असा अर्धा पत्ता घेऊन कुणाला विचारायची सोय नव्हती. 'दारुडे कुठे जमतात हो?' असं विचारलं असतं तर सोलापुरात कुणीही गुत्त्याची वाट दाखवली असती.

गुरुवारपर्यंतचे दिवस बसाण्णानं कसे काढले ते वहिनीला ठाऊक. त्या दिवशी सकाळपासून तो काही न घेता राहिला. संध्याकाळी मी पाळी बदलून घेऊन त्याच्या घरी गेलो तर दाढी करून बसलेला. गालावर दोन ठिकाणी कापलेलं.

"भाऊजी, ह्यांना परत घिऊन या बरं," वहिनी दारात म्हणाली. येताना बरं करून आणा असं तिनं म्हटलं नाही.

आमचा भोंगा झाला आणि आम्ही शाळेपाशी पोचलो. शाळेला कुलूप. व्हरांड्यात एक कुत्रं. आम्ही उभे राहिलो. रस्त्यानं कुणी गेलं की बसाण्णा तोंड फिरवून भिंतीवरची जुनी जाहिरात वाचायचा. "माझ्या भावकीतलं एक माणूस हितं जवळच ऱ्हातंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "हितं येनारी मानसं लिवून घेत्यात का रे? गिरणीला कळवत्यात का?" मग म्हणाला, "आत गेल्यावर काय करत्यात?" मला काय माहीत? मी म्हणालो, "नुसतं बोलत्यात म्हनं." तो म्हणाला, "तेच की. मारलं असतं तर चाललं असतं."

त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, सांजेच्या गार वाऱ्यात. कुणी येईना. शेवटी तो माझ्यावर उसळला. "फशिवलं तुला, तम्मा! असलं काय नसतंय. इल्ल, न्हाईच! मला काय खुळा समजतोस व्हय?" आणि चालायला लागला. मी दंड धरला तर हिसडा देऊन गेला. मागे धावावं तर, खरं सांगतो, मला त्याची भीती वाटली. शिवाय वाटलं, आता कुणी आलंच तर? मी दोन्हीकडे बघत मध्येच उभा राहिलो.

आणि तेवढ्यात स्टेशनाकडून दुसऱ्या गिरणीचा भोंगा झाला.

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. सोलापुरात गिरण्या पुष्कळ, प्रत्येकीचा भोंगा वेगळा, वेळाही पुढेमागे. ज्या भागात जी गिरणी, तिच्या भोंग्यावर तिथली चूल पेटायची. आमचा भोंगा तर आम्हीच वाजवायचो, आमच्याच बॉयलरच्या वाफेवर. अख्खं गाव आपल्या दोरीवर उठतं-बसतं असा आमचा तोरा. दुसऱ्या गिरणीच्या भोंग्याकडे आम्ही शेजारच्या पोराच्या रडण्याइतकंच लक्ष द्यायचो. सिस्टर 'भोंगा' म्हणाल्या, तेव्हा तो कुणाचा हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि बसाण्णाच्या तर नाहीच नाही. दुसरा कुणीही असता तर त्यानं विचारलं असतं. घात झाला तो दोन बॉयलरवाल्यांचा.

भोंग्यामागोमाग माणसं आली. एकेकटी, दबकत. एकानं कुलूप काढलं. मी आत गेलो. उंच, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पुढे आले, तेच गार्डसाहेब. माझा घामेजलेला चेहरा बघून त्यांनी माझा हात हातात घेतला. "पहिल्यांदा आलात? घाबरू नका. बसा. इथं सगळे तुमच्यासारखेच आहेत."

जन्मात थेंब न घेतलेला मी, चार दारुड्यांनी मला पाणी दिलं, बाकावर बसवलं, एकानं पाठीवरून हात फिरवला. आणि लाज वाटायच्या ऐवजी मला रडू कोसळलं. मग सगळं सांगितलं. माझा माणूस आत्ताच इथून गेला, अर्ध्या तासानं चुकला, तो आता प्यायला गेला असणार.

गार्डसाहेब उठले. "तो चुकला तर आपण जाऊ." त्यांच्यातला एक टांगेवाला होता, त्याचा टांगा बाहेरच उभा होता. "बैठो जल्दी," तो म्हणाला. "फिकर नक्को करो. घोडा मेरा पीता नै, सीधा जाएंगा."

बसाण्णाचा गुत्ता मला माहीत होता. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. तो आंबूस वास आला तसे गार्डसाहेब टांग्याची कड धरून बसून राहिले. त्यांची बोटं पांढरी पडली होती. "मी पुढे येत नाही," ते म्हणाले. "इथून पुढचा माझा मला भरवसा नाही. तुम्ही जा." एवढा मोठा माणूस, इतक्या शांत आवाजाचा, आणि एका वासाला भितो! मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बसाण्णाला कशानं धरलंय.

आतली बाई म्हणाली, "आलता की. गिलास भरून दिला, त्येच्याकडं बघत बसला आन् तसाच टाकून उटला. म्हनला, बॉयलरवर जातो."

बॉयलरवर? रजेवर घातलेला माणूस, डोकं फिरलेला, आणि गेटवरचा पहारेकरी त्याला सलाम करून आत सोडणारा. मी टांग्यात चढलो ते मला आठवत नाही. गिरणीच्या वाटेनं मी चिमणी शोधत होतो, अंधारून आल्यामुळे धूर दिसत नव्हता. कुठल्याही क्षणी आवाज होईल म्हणून मी कानांवर हात धरले होते. शेजारी गार्डसाहेब काहीतरी पुटपुटत होते. बहुधा देवाचं नाव असावं.

गार्डसाहेबांना घेऊन आत गेलो तर पाळीवरचा अटेंडंट मारुती कोपऱ्यात उभा. "जवळ येऊ देईनात वो," तो कुजबुजला. "नुसता कॉक उघडत्यात आन् बंद करत्यात."

बसाण्णा काचेसमोर उभा होता. कॉक उघडला, पाणी फसकन आलं. बंद केला, पाणी उसळून जागेवर गेलं. काचेच्या बरोबर मध्यावर रेघ थांबली. मला दारातून दिसत होती. त्यानं पुन्हा कॉक उघडला.

"तम्मा," मागे न बघता तो म्हणाला, "आज पिलो न्हाय मी. सकाळपास्नं न्हाय. म्हनलं, न पिता तरी दिसतंय का बघू. रेघ कुटं हाय रे?"

"हाय की अण्णा. मदीच हाय."

"मला दिसंना. हालतीया. दोन दिसत्यात, मग एकबी न्हाय."

त्याचा हात हळूहळू पंपाच्या व्हॉल्व्हकडे चालला होता. मला पुढे व्हायचं होतं, पण पाय उचलेनात. तेव्हा गार्डसाहेब माझ्या बाजूनं पुढे गेले, अगदी त्याच्याजवळ, आणि काचेकडे बघत सावकाश बोलले. "मी रेल्वेत गार्ड आहे. मला एकदा सिग्नल दिसेना. प्यायलो नव्हतो त्या दिवशी. न प्यायल्यामुळेच दिसेना. तरी मी हिरवं निशाण दाखवलं, कारण दिसत नाही म्हणायची लाज वाटली. पुढे काही झालं नाही. पण त्या रात्रीपासून आजतागायत माझ्या कानात ती गाडी आदळते."

बसाण्णानं त्यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं. "मग?"

"मग मी दिसत नाही म्हणालो. एवढंच केलं. बाकीचं पुढं आपोआप नाही होत, पण सुरू होतं."

फायरमन फावडी टेकून बघत होते. त्या बॉयलरच्या घरात सगळ्यात जाणता माणूस बसाण्णा, सगळे त्याच्या हाताखाली शिकलेले. बॉयलरवाल्यानं काच दिसत नाही म्हणणं म्हणजे आपल्या हातानं आपलं सर्टिफिकेट आगीत टाकणं.

"मला दिसत न्हाय," तो मोठ्यानं म्हणाला. हात खाली आला, आणि तो तिथेच राखेत बसला.

त्याच टांग्यानं आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. एकाएकी सोडली की माणसाला असं भलतंसलतं दिसतं, जिवावरही बेततं, आणि अशाला एकटं ठेवायचं नसतं, हे सिस्टरनी सांगितलं तेव्हा कळलं. आम्ही त्याला दाढी करून सरळ शाळेत न्यायला निघालो होतो!

पुढचं इथेच सांगून टाकतो. बसाण्णा पुन्हा बॉयलरवर आला नाही. साहेब घ्यायला तयार होते, त्यानंच नको म्हटलं आणि कोळशाच्या यार्डात काम मागून घेतलं. मध्ये लेकीच्या लग्नात एकदा घसरला, तेव्हा टांगा पुन्हा त्याच्या दाराशी आला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं घेतली नाही. त्याच्यासारखा बॉयलरचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि तो यार्डात कोळसा मोजून घेताना दिसला की मला नेहमी वाईट वाटायचं. त्याला वाटत नसे.

पण सांगायचा आहे तो नंतरचा गुरुवार. दवाखान्यातून सुटून तो माझ्याबरोबर आला. या खेपेला भोंगा बरोबर होता. माणसं आत जमली होती, दिवा लागला होता, आणि बसाण्णा उंबऱ्याशी अडून बसला. "तूबी चल की, तम्मा." गार्डसाहेब म्हणाले, हे पिणारे नाहीत, हे बाहेर पायरीवर बसतील, दार उघडंच ठेवू. बसाण्णानं तीनतीनदा वळून माझ्याकडे बघितलं आणि आत गेला.

मी पायरीवर बसलो. आत एकेक जण बोलत होता. मग शांतता झाली, म्हणजे त्याची पाळी आली होती. ती इतकी लांबली की तो आता उठून पळतो अशी माझी खात्री झाली. मी पायात वहाणा चढवल्या. तेव्हा त्याचा आवाज आला, लहान पोरासारखा.

"माझं नाव बसप्पा. मला लई भ्या वाटतंय."

"कशाचं?" कुणीतरी विचारलं.

"उद्या सकाळचं."

कुणी हसलं नाही, कुणी धीर दिला नाही. "मलापण," गार्डसाहेब म्हणाले. "मेरेकू भी," टांगेवाला म्हणाला. मग एकामागून एक सगळे तेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसाण्णाची पहिली पाळी माझ्याकडे येणार होती. बसाण्णाशिवाय, माझा मी, काचेसमोर. बाहेर पायरीवर, अंधारात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मीही म्हणालो, "मलाही."